‘ताई, ते आयकॉन परत घालवता येतील का?’

उज्ज्वलाताई गेल्याची बातमी मला कंपनीच्या मोबाइल ग्रुपवर कळली. पहिल्या शिफ्टचा चहा चालू होता. एचआरने एक चित्र टाकलं होतं. कडेने झेंडूची फुलं, मध्ये पणती, खाली मोठ्या अक्षरांत ‘आपल्या परिवारातील एक समर्पित सदस्य आपल्याला सोडून गेल्या’. फोटो त्यांच्या गेटपासवरचाच उचललेला. कोपऱ्यात शिक्क्याची अर्धी गोलाई तशीच दिसत होती. परिवार! ज्या बाईला तुम्ही सिक्युरिटीचा माणूस सोबत देऊन गेटपर्यंत चालवत नेलं, गेटवर सगळ्यांसमोर तिचा जेवणाचा डबा उघडून बघितला, तिला परिवारातली म्हणताना तुमची जीभ कशी रेटली? चित्राखाली जोडलेले हात येऊ लागले. सगळ्यात आधी हात जोडले ते प्रॉडक्शनच्या साहेबांनी. मला हातातला कप भिंतीवर फोडावासा वाटला. फोडला नाही. कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि कामावर गेलो. त्याचाही राग आहे.

याला आता पाच आठवडे झाले. दुःख जरा ओसरलं की शांतपणे लिहू असं ठरवलं होतं. पण राग दिवसेंदिवस वाढतोच आहे. तेव्हा शांतपणे लिहायचा नाद सोडला.

आमच्या चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्या बनतात. पायाने ब्रेक दाबला की त्या नळीतून तेलाचा दाब चाकापर्यंत जातो. नळी गळकी निघाली तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून प्रत्येक लॉटमधल्या काही नळ्या टेस्ट रूममध्ये दाबाखाली तपासतात, आणि त्याचा निकाल तिथल्या कॉम्प्युटरवरून ऑफिसच्या सर्व्हरवर आणि तिथून पुढे गिऱ्हाईक कंपनीच्या क्वालिटीवाल्यांकडे आपसूक जातो. मी लातूरकडून येऊन इथे इन्स्पेक्टर म्हणून लागलो तेव्हा त्या खोलीवर उज्ज्वलाताईंचं राज्य होतं. हुद्दा कॉम्प्युटर ऑपरेटर. नोकरी ठेकेदाराच्या नावावर. दर अकरा महिन्यांनी नवा कागद, आणि असे कागद करत करत चौदा वर्षं. कंपनीत त्यांच्यानंतर आलेले किती साहेब झाले, किती बदलून गेले. ताई मात्र कागदोपत्री कायम नव्याच.

त्या पिंपरीच्या. वडील तिथल्याच एका कारखान्यात फिटर होते. ‘आमच्या घरात दोनच गोष्टी होत्या,’ त्या सांगायच्या, ‘बाबासाहेबांचा फोटो आणि पप्पांची हत्यारांची पेटी. फोटोला हात लावायला परवानगी लागायची, पेटीला नाही.’ सातवीत असताना त्यांनी घरचा रेडिओ पूर्ण खोलला होता. वडील कामावरून आले, त्यांनी जमिनीवर पसरलेले तुकडे पाहिले, बूट काढले, शेजारी बसले आणि म्हणाले, ‘आता जोड.’ तीन दिवस लागले, पण जोडला. वडील गेल्यावर घरात त्या आणि आई. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर ‘वेळ झाला नाही राव’ म्हणून हसायच्या. फार गोड बाई होत्या असं मी लिहिणार नाही, कारण त्या नव्हत्या. फटकळ होत्या. मॅडम म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. दुसऱ्याच्या डब्यातलं लोणचं न विचारता उचलायच्या. एखादा इंजिनिअर ‘ताई, काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं’ असं म्हणाला की त्या खुर्ची फिरवून त्याच्याकडे बघायच्या. ‘आपोआप काही होत नसतं. आधी शेवटचा हात कुणाचा लागला ते सांग, मग मशीनकडे बघते.’

टेस्ट रूममधला तो डेस्कटॉप म्हणजे कंपनीत चेष्टेचा विषय होता. जाडजूड मॉनिटर, पिवळा पडलेला कीबोर्ड, आणि आतली प्रणाली इतकी जुनी की आयटीची नवी पोरं ती पाहून फोटो काढायची. पण तपासणीच्या यंत्राचं कार्ड दुसऱ्या कुठल्याच कॉम्प्युटरला बसत नव्हतं. यंत्र बदलायचं तर सगळंच बदलावं लागणार, म्हणून कंपनीने ताईंच्या जिवावर ते तसंच चालवलं होतं. मी लागल्यावर पहिल्याच महिन्यात नेट गेलं म्हणून घाबरून त्यांना हाक मारली होती. त्यांनी पडद्याकडे बघितलंही नाही. मला टेबलाखाली वाकायला लावलं. ‘मागे वायर लागते तिथे हिरवा दिवा आहे. चालू आहे का? लुकलुकतोय का? मग वायर बरी, कार्ड बरं. आता वर ये. आता पडद्याला विचारू.’ मी आजही कुठलंही यंत्र अडलं की आधी वाकतो.

त्या सोमवारी सकाळी मी टेस्ट रूममध्ये गेलो तर ताई हाताची घडी घालून पडद्यापुढे बसल्या होत्या. समोर नेटवर्क कनेक्शनची खिडकी उघडी होती आणि ती पांढरीफटक होती. एरवी तिथे दोन छोट्या कॉम्प्युटरांचं चित्र असतं, त्याखाली नाव असतं. काहीच नव्हतं. खाली कोपऱ्यातलं चिन्हही गायब. सर्व्हरवर शनिवार दुपारपासून एकही निकाल गेला नव्हता. बाहेर शनिवारचाच लॉट गाडीत भरणं चालू होतं.

आयटीचं काम बाहेरच्या एका एजन्सीकडे होतं. त्यांना फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, ‘मॅडम, आयकॉनच दिसत नाहीत म्हणजे सिस्टीम करप्ट झालीय. फॉरमॅट मारून टाका.’

‘आणि आतले निकाल?’

‘ते जातील. पण मशीन तर चालू होईल ना?’

ताईंनी फोन ठेवला. त्याला दोन शब्द दिले, ते इथे छापता येणार नाहीत. मग मला म्हणाल्या, ‘दत्ता, खाली बघ.’ मी वाकलो. हिरवा दिवा लुकलुकत होता. त्यांनी कार्डाची यादी उघडली. कार्ड जागेवर होतं, त्यावर फुली नव्हती. मशीन एकदा बंद करून चालू केलं, खिडकी पांढरीच. ‘म्हणजे जोडणी आहे, पण दाखवणारा झोपलाय,’ त्या पुटपुटल्या आणि सर्व्हिसेसची यादी उघडली. कॉम्प्युटरच्या पोटात अशी शंभरेक छोटी कामं सतत चालू असतात, आपल्याला न दिसणारी. कुणी घड्याळ सांभाळतं, कुणी प्रिंटर. त्या एकेक ओळ बोटाने खाली उतरत गेल्या आणि एका जागी थांबल्या. नेटवर्कची चित्रं दाखवणारी सर्व्हिस बंद. अजून खाली गेल्या. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइली पोचवणारी सर्व्हिस, तीही बंद. दोन्हींपुढे एकच शब्द: डिसेबल्ड.

‘बंद पडणं वेगळं,’ ताई म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. ‘बंद पडली असती तर मशीन चालू केल्यावर परत उठली असती. हे कुणीतरी इथे बसून, उघडून, निवडून, ओके दाबून केलंय... दोन वेळा.’

जुनं मशीन असलं तरी ते स्वतःची डायरी ठेवतं. ताईंनी ती उघडली. शनिवार, दुपारचे सव्वातीन. दोन्ही सर्व्हिसेसचा प्रकार बदलल्याची नोंद, आणि शेजारी लॉगिनचं नाव. प्रॉडक्शनच्या साहेबांचं. शनिवारी ताई दोनलाच निघाल्या होत्या, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून. मग त्यांनी शनिवारच्या दुपारच्या तपासणीचे निकाल उघडले. मी मागे उभा होतो. पडदाभर लाल ओळी. दाबाखाली नळ्यांची टोकं गळत होती. एखाददुसरी नव्हे, एकामागून एक. आणि तो लॉट बाहेर गाडीत चढत होता.

ताईंनी आधी त्या नोंदीचा आणि निकालांचा प्रिंट काढला. मग दोन्ही सर्व्हिसेस पुन्हा चालू केल्या. पांढऱ्या खिडकीत ती दोन कॉम्प्युटरांची चित्रं उमटली, जणू कुठे गेलीच नव्हती. अडकलेल्या फाइली सर्व्हरकडे निघाल्या. तेवढ्यात साहेब आत आले. कुणी सांगितलं कोण जाणे. त्यांनी पडदा पाहिला, दार लावलं, आणि एरवी कधी न वापरलेल्या मऊ आवाजात म्हणाले, ‘ताई, ते आयकॉन परत घालवता येतील का?’

‘येतील,’ ताई म्हणाल्या.

‘मग घालवा ना. आज संध्याकाळपर्यंतच. गाडी एकदा जाऊ द्या. लॉट आपण पुढच्या वेळी भरून काढू.’

‘येतील म्हटलं. घालवते असं म्हटलं नाही.’

‘तुम्हाला कळतंय का काय बोलताय? गिऱ्हाईकाची लाइन थांबेल!’

‘साहेब, त्या नळ्या गाडीला लागणार. गाडीत माणसं बसणार. तुम्ही तर रोज पोरांना शाळेत सोडता.’

साहेब माझ्याकडे वळले. ‘तू काय बघतोयस? तू क्वालिटीत आहेस ना? सांग यांना.’ मी... काही बोललो नाही. खाली बघितलं. ताईंच्या बाजूने नाही, साहेबांच्याही नाही. पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होतो की मी गप्प राहिलो म्हणजे निदान विरोधात तरी नव्हतो. आता ते खोटं वाटतं. त्या खोलीत तीन माणसं होती. मी बोललो असतो तर एकाविरुद्ध दोन झालो असतो.

निकाल गेले. तासाभरात गिऱ्हाईक कंपनीचा फोन आला, गाडी गेटवरूनच माल उतरवायला परत आली. आता सरळ माणसाला वाटेल की ताईंचा सत्कार झाला असेल. झालं असं की चार दिवसांनी मला एचआरच्या केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. ‘सदर संगणक गेले अनेक दिवस नादुरुस्त होता. ऑपरेटरने वरिष्ठांच्या परवानगीशिवाय त्याच्या रचनेत फेरफार केला, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.’ खाली माझं नाव, त्यापुढे मोकळी जागा. कागदाशेजारी दुसरं पाकीट होतं. त्यात माझी कायम झाल्याची ऑर्डर असल्याचं एचआरचा माणूस सहज बोलता बोलता म्हणाला. ‘फेरफार केला’ हे तर खरंच आहे, असं मी मनाशी म्हणालो. सर्व्हिस चालू करणं हाही फेरफारच की. माणूस स्वतःशी किती बारकाईने खोटं बोलू शकतो! मी सही केली.

त्या दिवशी सुटल्यावर बसस्टॉपवर ताई भेटल्या. त्यांना कळलं होतं.

‘सही केलीस?’

‘हो.’

‘वाचून केलीस की न वाचता?’

‘वाचून.’

‘बरं,’ त्या म्हणाल्या. ‘न वाचता केली असतीस तर जास्त राग आला असता.’ बस आली आणि त्या चढल्या. मी त्याच बसने जायचो. त्या दिवशी चढलो नाही.

दुसऱ्या सोमवारी त्यांना गेटबाहेर काढलं. त्यांनी काढलेले प्रिंट ‘कंपनीची गोपनीय मालमत्ता’ म्हणून काढून घेतले. महिन्याभरात गिऱ्हाईक कंपनीकडून पत्र आलं की सदोष लॉट वेळेत स्वतःहून कळवल्याबद्दल अभिनंदन. ‘स्वतःहून’! ते पत्र फ्रेम करून रिसेप्शनमध्ये लावलंय. शेजारी फोटो आहे, त्यात साहेब पत्र हातात धरून हसतायत. त्या फोटोखालून मी गेली अडीच वर्षं रोज आत जातो. आल्यागेल्याला तो दाखवून सांगतात, आमच्याकडे क्वालिटीशी तडजोड नाही.

ताई रडत बसल्या नाहीत. पिंपळे सौदागरला मोठमोठ्या सोसायट्या आहेत, त्यांच्या ऑफिसांत जुने कॉम्प्युटर असतात, कॅमेऱ्यांची भानगड असते. ती कामं घ्यायला लागल्या. माण गावातल्या दोन-तीन दुकानदारांची बिलिंगची मशीनं त्यांच्याकडे होती. घरी गल्लीतल्या बाया फॉर्म भरायला यायच्या, त्यांना फॉर्म भरून द्यायच्या नाहीत, भरायला शिकवायच्या. त्यावरून बायांशी भांडणं व्हायची. हे सगळं मला दुसऱ्यांकडून कळायचं. पण साखरेचा आजार त्यांना आधीपासूनच होता, आणि कंपनीची नोकरी गेली तसं विम्याचं कार्डही गेलं. तपासण्या लांबल्या. गोळ्या कधी घ्यायच्या, कधी राहायच्या. मूत्रपिंडावर गेलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर मृत्यूच्या दाखल्यावर आजाराचं नाव लिहितात. आजार कुणी वाढू दिला ते लिहायला त्या कागदावर रकाना नसतो.

मध्ये एकदाच त्या मला समोरासमोर भेटल्या. पिंपळे सौदागरला मेहुणीच्या घरी गेलो होतो, सोसायटीच्या ऑफिसात गाडीची नोंद करायला शिरलो तर टेबलाखालून आवाज आला, ‘कोण आहे ते? जरा टॉर्च धरा इकडे.’ ताई होत्या. मी टॉर्च धरला. त्यांनी वायर घट्ट केली, बाहेर आल्या, मला ओळखलं, आणि म्हणाल्या, ‘नीट धरलास. हात हलला नाही.’ पाय सुजले होते, चपलेचा पट्टा कातडीत रुतला होता. मी म्हणालो, ‘ताई, मला माफ करा.’ किती दिवस घोकलेलं वाक्य होतं.

‘मी काय करू तुझ्या माफीचं?’ त्या म्हणाल्या. चिडून नाही, एखाद्या बिघाडाबद्दल बोलावं तशा. ‘तो कागद माझ्याकडे आहे का? तो त्यांच्याकडे आहे. तिथे जा.’

मी गेलो नाही. पोरीची शाळा, घराचं भाडं, एक ना अनेक. त्या गेल्या आणि तो झेंडूच्या फुलांचा फोटो आला, त्यानंतर गेलो. म्हणजे पत्र लिहिलं. दोन पानी, माझ्या पूर्ण नावाने: सोमवारी टेस्ट रूममध्ये काय झालं, कोण काय बोललं, आणि मी सही केलेला कागद खोटा होता. एक प्रत कंपनीला, एक गिऱ्हाईक कंपनीच्या क्वालिटी ऑफिसला. आमच्या कंपनीने उत्तर म्हणून मला स्टोअरला टाकलंय, नटबोल्टच्या पेट्या मोजायला. दुसरीकडून परवा एक बाई बोलल्या फोनवर. त्यांनी त्या शनिवारची तारीख आणि वेळ पुन्हा विचारली, लिहून घेतली. पुढे काय होईल माहीत नाही. रिसेप्शनमधली फ्रेम अजून भिंतीवरच आहे. हे छापून आल्यावर स्टोअरही राहील असं वाटत नाही.

गेल्या रविवारी पत्राची तिसरी प्रत घेऊन पिंपरीला त्यांच्या घरी गेलो. आईंनी दार उघडलं. ऐंशीच्या घरातल्या, ताठ, डोळ्यांना जाड भिंग. मी नाव सांगितलं.

‘सही करणारे तुमीच का?’

‘हो, आई.’

‘या. बसा.’

मी पत्र पुढे केलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणाल्या, वाचा. मी वाचलं. मध्ये दोनदा थांबलो, पण त्यांनी पाणी दिलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘हे ती असताना का न्हाई लिवलं?’

साहेबांवर, एचआरवर, त्या फुलांच्या चित्रावर इतके दिवस मी चिडत होतो. या एका प्रश्नावर मी पत्राची घडी घालून खाली ठेवली. त्या उठल्या, आत गेल्या, स्टोव्हचा आवाज आला. चहा टाकत होत्या. माझ्यासाठी का टाकला हे मला समजलं नाही, विचारायची हिंमतही झाली नाही.

त्या खोलीत ताईंचं टेबल तसंच होतं. त्यावर त्यांचा कॉम्प्युटर. त्याच्या डब्याचं पत्र्याचं झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं, शेवटच्या वेळी लावायचं राहिलं असावं. आतल्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरांत ओळीच ओळी होत्या. आई चहा घेऊन आल्या, मी बघतोय ते त्यांनी पाहिलं.

‘खोललं की लिवायची त्याच्यावर कायतरी. म्या इचारलं तर म्हनायची, हिशेब न्हाई गं, आठवन. काय लिवलंय तितं?’

मी झाकण मांडीवर घेतलं आणि वाचलं. पंखा साफ केला. उज्ज्वला. मेमरीची पट्टी बदलली. उज्ज्वला. आवाज येत होता, स्क्रू ढिला. उज्ज्वला. धूळ. पुन्हा धूळ, गल्लीत खोदकाम. उज्ज्वला. वायर उलटी बसली होती, दिवसभर शोधलं, चूक माझीच, सरळ केली. उज्ज्वला. बॅटरी नवी. आई म्हणते आता तरी जेव. उज्ज्वला.

आईंनी चहाचा कप खाली ठेवला. पदराने भिंग पुसलं, पुन्हा डोळ्यांवर चढवलं, जणू त्याने अक्षरं वाचता येणार होती, आणि झाकणाच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

‘हितनं वाचा परत,’ त्या म्हणाल्या. ‘सावकाश.’